दिघ्यातील बिनतारी जाळी आणि त्यांचा बंदोबस्त : एक आढावा

बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नवी मुंबईत प्रथम गाजला तो एखाद्या विद्वत्परिषदेत नव्हे, तर पोलिसांच्या दप्तरात. २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक स्फोट होऊन ५६ माणसे प्राणास मुकली. त्या स्फोटांच्या काही मिनिटेच आधी वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत एक धमकीचा ईमेल येऊन पडला होता, आणि त्याचा माग काढीत तपासाधिकारी सानपाड्यातील ज्या सदनिकेच्या दारात येऊन ठेपले, तेथे एक अमेरिकन गृहस्थ सहकुटुंब राहत होता. त्याचे संगणक ताब्यात घेण्यात आले, जबान्या झाल्या, वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले; आणि निष्पन्न झाले ते एवढेच की, कटाशी त्या गृहस्थाचा काही संबंध नसून, त्याच्या घरातील वायफाय मात्र पुरेशा बंदोबस्ताविना चालू होते व त्याचा लाभ भलत्यांनीच उठविला होता. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यावरून गेला. आणि डिसेंबर २०१० मध्ये वाराणसीच्या घाटावर स्फोट झाला तेव्हाच्या ईमेलाचा माग पुन्हा नवी मुंबईतच, वाशीतील एका घरच्या वायफायपर्यंत येऊन पोहोचला.

यांपैकी २००८ च्या प्रकारांनंतर शासन हलले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना हुकूम दिले की, वायफायचा वापर नोंदणी व ओळख पटविल्यावाचून होऊ देऊ नये. मुंबई पोलिसांनी उघडी जाळी हुडकण्यासाठी पथके फिरविण्याचे जाहीर केले. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात येऊन सायबर दहशतवाद हा स्वतंत्र गुन्हा ठरला. हे सारे योग्यच होते. परंतु या हुकुमांची रचना पाहिली की असे ध्यानात येते की, ते एका बाजूस कंपनीला आणि दुसऱ्या बाजूस ग्राहकाला उद्देशून आहेत. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला, शिडी आणि पक्कड घेऊन घरात येणारा, भिंतीवर राऊटर ठोकून त्याच्या साऱ्या सेटिंग अर्ध्या घटकेत आपल्या मर्जीप्रमाणे करून निघून जाणारा जो माणूस, त्याचा त्यांत उल्लेखही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. कूटलेखनाचे शास्त्र आपले काम चोखपणे करून बसले आहे. उणीव राहते ती ताबा देण्याघेण्यात.

या दृष्टीने पाहू जाता दिघ्याइतके बोधप्रद ठिकाण विरळा. नवी मुंबईच्या उत्तर टोकाशी, पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामध्ये, ठाणे-बेलापूर रस्त्याला चिकटून पसरलेल्या या गावठाणाच्या एका अंगाला एमआयडीसीचे जुने कारखाने आहेत, ऐरोलीच्या अंगाला काचेच्या भिंतींची आयटी संकुले आहेत, आणि डोंगराच्या पायथ्याशी गणपती पाडा, ईश्वर नगर, यादव नगर, इलठण पाडा अशा दाटीवाटीच्या वस्त्या आहेत. येथील शंभराच्या जवळपास अनधिकृत इमारतींचे प्रकरण २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गाजले, तेव्हा महाराष्ट्राला दिघ्याचे नाव प्रथम ठाऊक झाले. आणि ठाणे व ऐरोली यांच्या दरम्यानचे दिघा गाव हे स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाल्यावर तेथे उतरणाऱ्यांची वर्दळही वाढली. एकाच मैलात कारखान्याचे, कार्यालयाचे आणि दहा बाय दहाच्या खोलीचे असे तिन्ही प्रकारचे वायफाय येथे नांदते, आणि रेडिओलहरींना दिघ्यातील मालकी हक्कांचे वाद ठाऊक नसल्याने ते एकमेकांच्या हद्दीत बेधडक शिरते.

हे शिरणे कशामुळे होते, हे थोडे पाहिले पाहिजे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याच्या जाचातून मुक्त झाला आणि घरगुती वायफायचा मार्ग मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरात तसाच खुला झाला. पहिला पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण अरुंद आहे. त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. दुसरा रुंद व वेगवान, पण दोन भिंतींनंतर दमणारा. चाळीवजा इमारतीत जेथे एका खोलीतून वीस-वीस जाळ्यांची नावे दिसतात, तेथे बसविणाऱ्याने राऊटर ४० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर ठेवला तर तो स्वतःचा वेग वाढवीत नाही, शेजाऱ्यांचा मात्र घटवितो. म्हणून २.४ च्या पट्ट्यात रुंदी २० ठेवावी, वाहिनी या तिहींपैकी जी त्यातल्या त्यात मोकळी असेल ती घ्यावी, आणि ज्या फोनांना ५ चा पट्टा कळतो त्यांना तिकडे वळवावे, एवढ्याने ‘नेट चालत नाही’ या दिघ्यातील सार्वत्रिक तक्रारीतील निम्मी तरी तक्रार दूर व्हावी. पण वेगाची गोष्ट गौण. मुख्य गोष्ट अशी की, जी लहर भिंतीपलीकडे जाते ती पलीकडच्याला ऐकू येते, आणि म्हणून ती ऐकूनही कळू नये अशी तजवीज करावी लागते.

या तजविजीचा इतिहास मनोरंजक आहे. वायफायचे मूळ मानक, ज्याचा क्रमांक ८०२.११, ते १९९७ मध्ये आले आणि त्यासोबत आलेल्या कूटपद्धतीला डब्ल्यूईपी हे नाव होते. तारेच्या जाळ्याइतकी गुप्तता बिनतारी जाळ्याला देण्याचा तिचा दावा होता. प्रत्यक्षात तिची किल्ली ४० बिटांची, पुढे १०४ बिटांची, आणि प्रत्येक संदेशाबरोबर बदलणारा जो आकडा तिच्यात मिसळला जाई तो अवघा २४ बिटांचा. म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख संदेशांनंतर तेच आकडे पुन्हा येणार, आणि गर्दीच्या जाळ्यावर एवढे संदेश काही तासांत होतात. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर या तिघांनी या पद्धतीचे मर्मस्थान दाखवून दिले, आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखविली. अमेरिकेत टीजेएक्स नावाच्या मोठ्या दुकानमालिकेची साडेचार कोटींहून अधिक कार्डे चोरीस गेल्याचे त्याच सुमारास उघड झाले, त्याची सुरुवात एका दुकानाच्या डब्ल्यूईपीवर चालणाऱ्या वायफायपासूनच झाली होती.

दरम्यान तात्पुरती डागडुजी म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि तिची टीकेआयपी ही पद्धत आली. आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आली, जिने बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी रचलेले एईएस हे कूटलेखन स्वीकारले. एईएसला प्रत्यक्ष व्यवहारात आजतागायत कोणी भेदलेले नाही. मार्च २००६ पासून वायफायची मोहोर हवी असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणात डब्ल्यूपीए-२ असणे सक्तीचे झाले. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण सानपाड्याचे प्रकरण तिच्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने घडले आहे. औषध उपलब्ध होते, बाजारात होते, बहुतेक त्याच राऊटरच्या पेटीतही होते. ते चालू करण्याचे काम कोणाचे, हे तेवढे ठरलेले नव्हते.

त्यानंतरही डब्ल्यूपीए-२ मध्ये २०१७ साली बेल्जियमच्याच मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने एक दोष दाखविला, जो सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने दूर होतो. आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ अवतरली, जी जुलै २०२० पासून नव्या प्रमाणित उपकरणांना बंधनकारक आहे. तिच्यातही २०१९ मध्ये दोष निघाले व बुजविले गेले. या कोलाहलाने सामान्य वाचकाने बावरून जाण्याचे कारण नाही. ज्या घरात डब्ल्यूपीए-२ व एईएस नीट लावलेले आहेत आणि सॉफ्टवेअर अद्ययावत आहे, ते घर या शोधांमुळे उघडे पडलेले नाही.

मग घरे उघडी पडतात ती कशाने? पहिले व ठळक कारण, पासवर्ड. डब्ल्यूपीए-२ च्या पद्धतीत फोन आणि राऊटर परस्परांशी जोडले जाताना चार संदेशांची देवघेव होते. ती रस्त्यावर उभे राहून कोणीही टिपून घेऊ शकतो आणि मग घरी जाऊन, राऊटरच्या वाऱ्यालाही उभे न राहता, पासवर्डाचे तर्क सवडीने एकेक करून ताडून पाहू शकतो. आता आपल्याकडे केबलवाला राऊटर बसविताना विचारतो, ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ आणि काका म्हणतात, ‘माझा मोबाइल नंबरच टाक.’ भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ वा ९ ने सुरू होतो. म्हणजे सारे संभाव्य क्रमांक मिळून फार तर ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो खरा. पण खेळांसाठी विकले जाणारे एखादे चांगले ग्राफिक कार्ड या कामी सेकंदाला दहा लाख तर्क सहज करते, म्हणजे भारतातील एकूण एक मोबाइल क्रमांक तपासून पाहण्यास त्याला तासाभराहून थोडासाच अधिक वेळ लागतो. २०२१ मध्ये तेल अवीव शहरात एका सुरक्षा-संशोधकाने फिरून ५००० जाळ्यांच्या खुणा टिपल्या आणि सुमारे ७० टक्के जाळ्यांचे पासवर्ड काढून दाखविले. त्यांतले पुष्कळसे त्या देशातील मोबाइल क्रमांकच होते. याउलट लहान इंग्रजी अक्षरे व अंक यांतून कसलाही अर्थ नसलेला बारा चिन्हांचा पासवर्ड निवडला, तर त्याच कार्डाला सारे पर्याय संपविण्यास सुमारे दीड लाख वर्षे लागतील. मुलाचे नाव आणि पुढे १२३, इमारतीचे नाव आणि खोली क्रमांक, ‘साई’, ‘गणेश’, ‘शिवाजी’ आणि जन्मसाल, या साऱ्यांची तर तयार यादीच असते. श्रद्धास्थाने पासवर्डात आणू नयेत हे बरे. डब्ल्यूपीए-३ चा खरा गुण असा की, तिच्यात प्रत्येक तर्क राऊटरशी प्रत्यक्ष बोलूनच ताडावा लागतो, त्यामुळे घरी बसून कोट्यवधी तर्क करण्याचा हा मार्गच खुंटतो.

दुसरे कारण राऊटरचा स्वतःचा दरवाजा. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या कारभारात फेरफार करण्याचा पासवर्ड वेगळा, ही गोष्ट दिघ्यातच काय, ऐरोलीच्या संकुलांत नोकरी करणाऱ्या पुष्कळ सुशिक्षितांच्याही गावी नसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता लिहिला की बहुधा तो दरवाजा दिसतो, आणि ‘ॲडमिन’ हे नाव व ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड दिला की पुष्कळदा तो उघडतोही. जुलै २०१७ मध्ये कारखान्यातून आलेलाच पासवर्ड कायम असलेल्या बीएसएनएलच्या मोडेमांवर हल्ला झाला आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करण्याची पाळी त्या कंपनीवर आली. तत्पूर्वी २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत दूरवरून दुरुस्ती करण्याच्या सोयीतूनच शिरकाव करण्याचा प्रयत्न होऊन सुमारे नऊ लाख घरांचे इंटरनेट बंद पडले होते. हा दरवाजा ज्याच्या हाती, तो संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेचा पत्ता बदलून तुम्हांला बँकेऐवजी बँकेच्या बतावणीकडे पाठवू शकतो. तेथे एईएस बिचारे काय करील?

तिसरे कारण डब्ल्यूपीएस. बटण दाबून वा आठ आकडी पिन देऊन फोन जोडण्याची ही सोय. आठ आकड्यांचे पर्याय कागदावर दहा कोटी. परंतु शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि पिनचा पूर्वार्ध व उत्तरार्ध राऊटर निरनिराळे तपासतो, त्यामुळे प्रत्यक्षात दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे अकरा हजार प्रयत्नांतच काम भागते, हे डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या तरुणाने दाखवून दिले. त्यानंतर कंपन्यांनी प्रयत्नांवर मर्यादा घातल्या, पण जुने राऊटर भिंतींवर आहेतच. डब्ल्यूपीएस बंद करावे. त्यापायी कोणाचे काही अडत नाही.

याउलट काही उपाय मोठ्या विश्वासाने केले जातात आणि त्यांचा उपयोग काडीचा नसतो. जाळ्याचे नाव लपविणे हा त्यांतला एक. लपविलेले नाव शोधीत तुमचाच फोन जाईल तेथे त्याचा पुकारा करीत फिरतो. ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते चालू द्यावयाचे हा दुसरा. ते पत्ते प्रत्येक संदेशावर उघड लिहिलेले असतात आणि त्यांची नक्कल करणे क्षणाचे काम असते. आणि ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिश्र’ असा जो पर्याय बसविणारे सर्व प्रकारचे फोन चालावेत म्हणून सरसकट ठेवून जातात, त्यामुळे टीकेआयपी जिवंत राहते. तिच्यावर जोडल्या गेलेल्या उपकरणाचा वेगही मानकाच्या नियमाप्रमाणे ५४ मेगाबिटांच्या पुढे जाऊ शकत नाही. सुरक्षिततेसाठी नाही तर निदान वेगासाठी तरी तो पर्याय काढून टाकावा.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. दिघ्याच्या वस्त्यांत एक जोडणी दोनतीन कुटुंबे मिळून वापरतात आणि महिन्याचे पैसे वाटून घेतात. नियमांच्या भाषेत ही अनियमितता आहे, आणि पांढरपेशा सल्लागार याबद्दल नाके मुरडतात; परंतु करोनाच्या टाळेबंदीत मुलांची शाळा फोनवर भरू लागली तेव्हा याच वाटणीने कित्येकांचे शिक्षण चालू राहिले, हे विसरून चालणार नाही. शेजाऱ्याला पासवर्ड देणे हा गुन्हेगारीचा प्रकार नसून शेजारधर्म आहे. मात्र त्याचे परिणाम समजून घेतले पाहिजेत. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड ठाऊक असलेला मनुष्य, जोडणीच्या वेळचे संदेश टिपून, त्याच जाळ्यावरील इतरांची वाहतूक उलगडू शकतो. जणू चाळीतील साऱ्या खोल्यांना एकाच किल्लीची कुलपे लावलेली असावीत. बँकेचा व्यवहार स्वतंत्र कूटलेखनाखाली चालत असल्याने तो बहुधा सुरक्षित राहतो, पण घरातला कॅमेरा, मुलाचा जुना संगणक, दुकानातील बिलाचे यंत्र ही शेजाऱ्याच्या फोनातील एखाद्या दुष्ट ॲपच्या हाताशी येतात. आणि सानपाड्याप्रमाणे उद्या एखाद्या ईमेलाचा माग लागला, तर पोलीस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याच दारात उभे राहणार. यावर तोड बहुतेक राऊटरांत तयार आहे: पाहुण्यांसाठी वेगळे जाळे. शेजाऱ्याला त्याचा पासवर्ड द्यावा, त्यातून घरच्या उपकरणांकडे जाण्याचा मार्ग बंद ठेवावा, आणि खोली सोडून कोणी गेले की तो बदलावा. म्हणजे शेजारधर्मही राहील आणि बंदोबस्तही.

कारखान्यांची गोष्ट याहून कठीण आहे आणि तिच्याकडे लक्ष त्याहून कमी. औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यात एकच पासवर्ड मालक, हिशेबनीस, सुपरवायझर, सुरक्षारक्षक आणि मालाची गाडी घेऊन येणारा चालक या सर्वांना ठाऊक असतो. नोकरी सुटलेला कामगार तो डोक्यात घेऊन बाहेर पडतो. आणि त्याच जाळ्यावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचे यंत्र आणि कधी कधी प्रत्यक्ष यंत्रसामग्रीचा नियंत्रकही असतो. शेजारच्या आयटी संकुलात प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड असतो, जो नोकरी सुटताच एका फटक्यात रद्द होतो, ८०२.१एक्स नावाच्या ज्या मानकाने हे घडते ते २००१ पासून आहे आणि कारखान्यालाही ते परवडण्याजोगे आहे. रस्त्याच्या या बाजूच्या ज्ञानाने तो रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ नये, हे काही तंत्रज्ञानाचे अपयश म्हणता येणार नाही.

रेल्वे स्थानकांवरील मोफत वायफाय, जे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाले, आणि डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना, जिच्यामुळे चहावाला वा किराणा दुकानदारही परवान्यावाचून वायफाय विकू शकतो, यांचा विचार स्वतंत्र लेखाचा आहे. एवढेच नमूद करतो की, तेथे मोबाइलवर ओटीपी मागितला जातो तो तुमची ओळख नोंदविण्यासाठी, तुमची वाहतूक गुप्त राखण्यासाठी नव्हे.

तेव्हा या साऱ्या पाहणीनंतर मागणी काय करावी? नवे कूटलेखन नको, नवा कायदाही नको. ज्या कंपनीच्या नावाने राऊटर बसतो, तिने बसविणाऱ्या माणसाच्या हाती एक छापील मराठी कागद द्यावा, ज्यावर वायफायचा पासवर्ड, राऊटरचा पासवर्ड, डब्ल्यूपीए-२ अगर ३ यांपैकी लावलेली पद्धत, डब्ल्यूपीएस बंद केल्याची नोंद आणि पाहुण्यांच्या जाळ्याचे नाव एवढे लिहिलेले असेल. आणि त्यावर ग्राहकाची सही झाल्यावाचून जोडणी पूर्ण झाली असे समजू नये. विजेचा मीटर बसविताना आपण अशी सही करतोच. हे होईपर्यंत वाचकांना विनंती अशी की, केबलवाला पुढच्या वेळी घरी आला की त्याला चहा द्यावा, पण तो शिडी उचलण्यापूर्वी राऊटरचा पासवर्ड त्याच्याकडून मागून घ्यावा, आणि त्याची पाठ वळताच तो बदलावा.